नवीन सायकलस्वारांसाठी: काय खावं, कधी खावं आणि दमसास कसा वाढवावा

लेखन: सह्यवाट
विभाग: सायकल आणि भटकंती

नव्याने सायकल घेतलेल्यांच्या दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एक, पंधरा-वीस किलोमीटर झाले की पाय जड होतात. दुसरी, घरी पोचल्यावर दिवसभर गळून गेल्यासारखं होतं आणि समोर येईल ते खाल्लं जातं. दोन्हींचा दोष 'स्टॅमिना नाही' यावर टाकला जातो आणि मग माणूस पुढच्या वेळी आणखी जोर लावतो. मला हे निदानच चुकीचं वाटतं. बहुतेकांचा वेग त्यांच्या आजच्या तयारीपेक्षा जास्त असतो आणि खाणं तासभर उशिरा होतं. या दोन गोष्टी जागेवर आल्या की महिन्याभरात फरक कळतो.

आधी वेग. सायकल चालवताना शेजारच्या माणसाशी सलग दोन-तीन वाक्यं न धापता बोलता आली पाहिजेत. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा, मग शेजारून कोणी पुढे का जाईना. घड्याळात नाडी दिसत असेल तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा, ही तुमची अंदाजे कमाल नाडी. चाळिशीच्या माणसासाठी हा आकडा १८० येतो. त्याच्या ६० ते ७५ टक्के, म्हणजे १०८ ते १३५, इतपत नाडी सुरुवातीच्या बहुतेक फेऱ्यांत ठेवायची. सूत्र सरासरीचं आहे, एखाद्याची खरी कमाल नाडी दहाने इकडेतिकडे असू शकते. म्हणून बोलण्याची कसोटी आधी आणि आकडा नंतर. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर नाडी पुरेशी चढत नाही, तिथे फक्त बोलण्याची कसोटी वापरा.

सावकाश वेगाने दीर्घकाळ चालवल्यावर स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, आणि शरीर त्याच वेगाला साखर कमी व चरबी जास्त वापरू लागतं. हे महत्त्वाचं का, तर साखरेचा साठा मोजका असतो. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमपर्यंत ग्लायकोजेन मावतं. जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत त्याचा तळ दिसतो. चरबीचा साठा मात्र अगदी सडपातळ माणसाकडेही कित्येक दिवसांचा असतो.

आता खाणं. रात्रभराच्या उपाशी वेळात यकृतातला साठा बराच उतरतो, आणि मेंदूला साखर पुरवतो तो यकृतच. पहाटे साडेपाचला नुसत्या चहावर निघालेल्याला तासाभराने अंधारी येते, हात थरथरतात, उगाच चिडचिड होते. त्याचं कारण बहुतेकदा हेच. तासाच्या आतली सावकाश फेरी असेल तर पाण्यावर चालेल. त्यापुढे जाणार असाल तर निघण्याआधी २०-३० मिनिटं एक मोठं केळं, किंवा चार खजूर, किंवा गूळ लावलेली एक पोळी. एवढ्यात २० ते ३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. दोन तास हाताशी असतील तर नीट न्याहारी: ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे, तेल कमी, शेंगदाणे मोजके (सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदकं), किंवा चार मध्यम इडल्या, किंवा दुधातलं नाचणी सत्त्व. वडापाव, मिसळ, साबुदाणावडा हे परतल्यावर. तळलेलं पोटातून हळू पुढे सरकतं आणि चढावर तेच घशाशी येतं.

सायकलवर असताना भूक लागण्याची वाट पाहू नका, घड्याळाकडे बघून खा. फेरी दीड तासापेक्षा लांब असेल तर ४०-४५ मिनिटांनी पहिला घास, मग दर अर्ध्या तासाने. ताशी ३० ग्रॅम कर्बोदकांपासून सुरुवात करा. पोटाला सवय झाली की लांब फेरीत ६० पर्यंत न्या. आपल्याकडच्या वस्तूंत हिशेब असा: मोठं केळं २५ ग्रॅम, वेलची केळं १२, बी काढलेला साधा खजूर ५-६, मूठभर (३० ग्रॅम) मनुका २३, लहान राजगिरा लाडू १४-१५, सुपारीएवढा (१० ग्रॅम) गूळ ९. शेंगदाण्याच्या चिक्कीत स्निग्धांश बराच असतो, ती थांब्यावर ठीक, चढावर नको. घरची पुरणपोळी, तूप न लावता, चौकोनी दुमडून चार तुकडे केली तर उत्तम चालते. एका पोळीत ४० ग्रॅमच्या पुढे कर्बोदकं असतात आणि ती खिशात चिकट होत नाही.

पाणी ताशी ४०० ते ८०० मिली, दर १०-१५ मिनिटांनी दोन-तीन घोट. तासाभरापेक्षा जास्त असेल तर एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत हे मिश्रण: ७५० मिली पाणी, ४५ ग्रॅम साखर (पाऊण वाटी नव्हे, सपाट भरलेले ११ चहाचे चमचे), सपाट पाव चहाचा चमचा मीठ, एका लिंबाचा रस. साखर सुमारे ६ टक्के येते. साखरेचं प्रमाण ८ टक्क्यांच्या वर गेलं की पाणी पोटातून शोषलं जायला वेळ लागतो, पोट डुचमळतं. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ चालेल, पण आगळात आधीच मीठ असतं, तेव्हा वरून घालू नका.

परतल्यावर तासाभरात जेवण. शरीराच्या दर किलो वजनामागे १ ग्रॅम कर्बोदकं आणि सोबत २० ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य. मुगाची खिचडी, दही आणि दोन अंडी. किंवा मटकीची उसळ, दोन पोळ्या, भात आणि ५० ग्रॅम पनीर. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवायचं नसेल तर तासाचा आग्रह सोडा, दिवसभराचं जेवण पुरेसं असलं की झालं.

वजन कमी करायचं असेल त्यांनी कात्री सायकलच्या आधीच्या आणि मधल्या खाण्याला लावू नये. विश्रांतीच्या दिवशीच्या फरसाण, गोड चहा, रात्रीच्या जादा भाताला लावावी. सपाट रस्त्यावर सावकाश चालवणारा नवखा माणूस ताशी सुमारे ३५०-४०० किलोकॅलरी खर्च करतो. दोन तासांच्या फेरीनंतर मिसळ, जिलबी आणि दोन चहा झाले तर तो खर्च तिथेच भरून निघतो.

प्रश्न जरूर विचारा.

---

चढणदार:
उत्तम धागा. खाण्याच्या जोडीला गिअरचं सांगतो, कारण अर्धी ताकद तिथे वाया जाते. नवखे लोक जड गिअर घालून मिनिटाला पेडलचे ५०-६० फेरे मारतात. त्यात सगळा भार मांड्यांवर येतो आणि ग्लायकोजेन पटापट संपतं. ८० ते ९० फेऱ्यांची सवय लावा. मोजायला सोपं: १५ सेकंदांत उजवा गुडघा २० ते २२ वेळा वर यायला हवा. सीटवर उसळायला लागलात तर गिअर फार हलका आहे किंवा सीट फार उंच आहे.

सीटची उंची: भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या लवणीत दुखत असेल तर वर आहे. एका वेळी ५ मिलीमीटरच हलवा, सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करा आणि दोन-तीन फेऱ्या बघून मग पुढचा बदल.

हवा दर आठवड्याला तपासा. ७०० बाय ३५ चे हायब्रिड टायर आणि ७० किलोचा स्वार असेल तर ५५ ते ६० पीएसआय. पंक्चरवाल्याकडे बोटाने दाबून ठरवलेली हवा बहुतेकदा कमी असते; फूटपंप मीटरवालाच घ्या.

---

मंदगती:
मी अगदीच नवीन आहे, २१ गिअरची हायब्रिड आहे. सध्या १५ किमी आरामात होतात, ५० किमीचं ध्येय आहे. आठवड्याचा आराखडा कोणी सांगेल का? शनिवार-रविवारीच जास्त वेळ मिळतो.

---

सह्यवाट:
@मंदगती, चार दिवस पुरतात. मंगळवार आणि गुरुवार प्रत्येकी १२ किमी, शनिवारी ८ किमी अगदी हलके, रविवारी लांब फेरी. पहिल्या रविवारी २० किमी. आठवड्याची बेरीज ५२ झाली. पुढे फक्त रविवार वाढवा: २५, मग ३०. बेरीज ५७ आणि ६२, म्हणजे दर वेळी वाढ १० टक्क्यांच्या आसपास राहते. चौथ्या आठवड्यात रविवार परत २० वर आणा. हा उतार चुकवू नका, शरीर भरून येतं ते याच आठवड्यात. मग ३०, ३५, ४०, पुन्हा खाली २८, आणि त्यानंतर ४०, ४५, ५०. अकराव्या आठवड्यात पन्नास किलोमीटर होतात.

पहिले सहा आठवडे जोराचं काहीही नको. त्यानंतर गुरुवारी एक बदल करा: दहा मिनिटं सावकाश, मग तीन मिनिटं इतक्या जोरात की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मग तीन मिनिटं अगदी हलकं. असं चार वेळा. आठवड्यात असा एकच दिवस.

पाय बुधवारीही जड वाटत असतील, झोप नीट लागत नसेल, सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठने जास्त असेल, तर त्या दिवशीची फेरी सोडून द्या. चुकलेली फेरी दुसऱ्या दिवशी भरून काढायची नाही.

---

वऱ्हाडी_चाक:
उपाशीपोटी चालवलं तर चरबी जास्त जळते असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग आधी केळं खाऊन फायदा घालवायचा कशाला?

---

आहारवही:
@वऱ्हाडी_चाक, फेरीच्या वेळेपुरतं ते खरं आहे, उपाशीपोटी इंधनात चरबीचा वाटा वाढतो. पण वजन ठरतं ते दिवसभराच्या आणि आठवड्याच्या हिशेबाने. उपाशी गेलेला नवखा माणूस एकतर फेरी लवकर संपवतो किंवा परतून दुप्पट खातो, आणि हिशेब तिथेच राहतो. तासाच्या आतली, सावकाश, सपाट रस्त्यावरची फेरी उपाशी करायला हरकत नाही. लांब फेरी, चढ किंवा जोराचा दिवस असेल तर खाऊनच. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि आधीच वजन कमी असणाऱ्यांनी उपाशी फेरीच्या वाटेला जाऊ नये.

प्रथिनांबद्दल थोडं. नियमित चालवणाऱ्याला दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. आपल्या शाकाहारी ताटात हा आकडा सहज भरत नाही, कारण वाटीभर पातळ वरणात जेमतेम ५-६ ग्रॅम असतात. त्यामुळे वरणाला मुख्य स्रोत समजू नका. भर कशाची घालायची: ३० ग्रॅम कोरडे सोयाचंक्स १५ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८, वाटीभर मोडाची उसळ ७-८, ३० ग्रॅम फुटाणे ६, एक अंडं ६, १०० ग्रॅम बांगडा १९-२०. तिन्ही जेवणांत २० ग्रॅमच्या पुढे जाईल असं बघा, सगळं रात्रीवर ढकलू नका. पावडरची गरज तेव्हाच, जेव्हा हे सगळं करूनही तूट उरते.

आणि बायकांसाठी खास: दम लवकर लागतो, जिना चढताना धडधडतं, केस गळतात, अशी लक्षणं असतील तर वेळापत्रक बदलण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) आणि बी-१२ तपासून घ्या. लोह कमी असताना कितीही सराव केला तरी स्नायूंपर्यंत प्राणवायूच कमी पोचतो. जेवणाला लागून चहा घेतला की लोहाचं शोषण घटतं, तेव्हा चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवा. पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळण्याची सवय मात्र उपयोगाची, क जीवनसत्त्वाने ते शोषण वाढतं. लोहाच्या गोळ्या तपासणीशिवाय सुरू करू नका.

---

रानवाट_ठाणे:
येऊरच्या चढावर पोटरीत गोळा येतो. मीठ कमी पडतं म्हणून येतो ना? सोबतचे सगळे मिठाच्या गोळ्या घ्यायला सांगत आहेत.

---

चढणदार:
@रानवाट_ठाणे, मीठ हे अनेक कारणांतलं एक, आणि बहुतेकदा मुख्य नव्हे. स्नायू त्याच्या सवयीपलीकडे थकला की त्याला येणारे आकुंचनाचे संदेश आवरत नाहीत आणि गोळा येतो. म्हणून तो फेरीच्या शेवटी, चढावर, जड गिअरवरच येतो. गोळा आला की उतरा, गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढा, अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. परत निघाल्यावर दोन गिअर हलके घ्या. सीट फार उंच असेल आणि टोकावर पेडल मारलं जात असेल तरी पोटरीच धरते, तेही तपासा.

घामाने टीशर्टवर पांढरे डाग पडत असतील, टोपीची पट्टी खारट होत असेल, तर मिठाचा वाटा मोठा आहे; अशा वेळी वर दिलेली मिठाची बाटली पुरेशी ठरते. पाव चमचा मिठात सुमारे ६०० मिलीग्रॅम सोडियम असतं.

---

आहारवही:
याला जोडून घामाचं मोजमाप सांगते. निघण्याआधी लघवी करून, कमी कपड्यांत वजन करा. परतल्यावर घाम पुसून पुन्हा. कमी झालेले किलो अधिक प्यायलेले लिटर, भागिले तास: हा तुमचा ताशी घाम. उदाहरणार्थ दीड तासात ०.९ किलो घटले आणि ०.६ लिटर प्यायलं, तर एकूण १.५ लिटर, ताशी १ लिटर. सगळं भरून काढायचा हट्ट नको; वजनातली घट २ टक्क्यांच्या आत राहिली की पुरे. किनाऱ्यालगत दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून रत्नागिरीत एप्रिलमध्ये हा आकडा महाबळेश्वरच्या डिसेंबरपेक्षा बराच वेगळा येईल. दोन ऋतूंत वेगवेगळा मोजा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. चार-पाच तासांच्या फेरीत नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, भ्रमिष्टासारखं होतं. फेरीनंतर वजन वाढलेलं दिसलं तर जास्त प्यायलं गेलंय हे नक्की. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

---

वऱ्हाडी_चाक:
धन्यवाद, केळ्याचं पटलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. तेव्हा सराव बंदच ठेवायचा का?

---

सह्यवाट:
बंद नको, वेळ बदला. पावणेपाचला निघून साडेसातच्या आत घरात. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, त्या काळात अंतर निम्मं ठेवा. उन्हात त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी चढलेली दिसेल. तेव्हा वेग कमी करून नाडी जागेवर ठेवायची, वेग टिकवायला जायचं नाही. रात्री बाटली अर्धी भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा, पहाटे वरून पाणी भरा. घाम येणं थांबलं, अंगावर शहारे आले, तोल जाऊ लागला तर लगेच सावली, मान-काखा-जांघांवर गार पाणी आणि मदतीला फोन.

---

सुमनफूल:
नवरात्राचे नऊ दिवस उपास असतात. चतुर्थी-एकादशीला एक दिवस सोडून देते, पण नऊ दिवस खंड पडला की मागे पडल्यासारखं होतं. काय करता येईल?

---

आहारवही:
@सुमनफूल ताई, फराळी पदार्थांत कर्बोदकांची कमतरता अजिबात नाही. वरई, साबुदाणा, रताळं, केळं, राजगिरा, खजूर सगळं चालतं. निघण्याआधी उकडलेलं १५० ग्रॅम रताळं (सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं) किंवा केळं. बाटलीत लिंबू, साखर, सैंधव. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने काम तेच करतं. साबुदाण्याच्या खिचडीला तेल-तूप-कूट भरपूर असतं, म्हणून ती फेरीनंतरच. तूट पडते ती प्रथिनांची. रोज ३०० ग्रॅम दही किंवा चक्का, ग्लासभर दूध, ५०-१०० ग्रॅम पनीर आणि राजगिऱ्याची भाकरी घेतलीत तर बरीचशी भरून निघते. त्या नऊ दिवसांत जोराचा दिवस वगळा आणि लांब फेरी ३० किमीच्या आत ठेवा. नऊ दिवसांत कमावलेलं जात नाही. निर्जळी उपास असेल त्या दिवशी मात्र सायकल नको.

---

गोदाकाठ:
वय ५२, टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली आहे. त्र्यंबक रस्त्याने जायचा विचार आहे. खाण्याचं गणित कसं बदलेल?

---

आहारवही:
@गोदाकाठ काका, मेटफॉर्मिन एकट्याने साखर फारशी धोक्याइतकी उतरवत नाही, ग्लिमेपिराइड उतरवते. म्हणून लांब फेरीच्या दिवशी त्या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांना नेमकं विचारा: किती वाजता निघणार, किती तास, आधी काय खाणार हे लिहून न्या. स्वतःहून डोस बदलू नका.

निघण्याआधी ग्लुकोमीटरवर मोजा. ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घेऊन थोडं थांबून निघा. दर ४५ मिनिटांनी थांबून मोजा, दोन-तीन फेऱ्यांत तुमच्या शरीराची चाल कळेल. ७० च्या खाली गेलं, किंवा थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं तर लगेच ३-४ चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आलं नसेल तर पुन्हा तेवढंच. अशा वेळी चिक्की किंवा बिस्किट नको, त्यांची साखर उशिरा चढते. लांब फेरीनंतर साखर रात्रीही उतरू शकते, झोपण्याआधी एकदा मोजा. ग्लुकोजची पुडी सीटखालच्या पिशवीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवा, आणि सोबत कोणीतरी असू द्या.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांतलं काही झालं तर तिथेच थांबायचं. त्र्यंबकचा रस्ता जाताना हळूहळू चढतो, डोळ्यांना तो सपाट वाटतो, त्यामुळे वेग कमी दिसला तरी जोर वाढवू नका. येताना सोपं जाईल.

---

मंदगती:
आराखडा लिहून घेतला, मनापासून आभार. पन्नास झाल्यावर सिंहगड करायचा आहे. आणि लोक २०० किमीच्या बीआरएमबद्दल (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) बोलतात, ते नवख्याला कधी जमतं?

---

चढणदार:
@मंदगती, सिंहगडाचा चढ सुमारे ९ किमी आणि सरासरी ६-७ टक्के, मधले काही तुकडे त्याहून बरेच तीव्र. आधी जुना कात्रज घाट, मग बोपदेव, मग सिंहगड असा क्रम ठेवा. तुमच्या सायकलला पुढे तीन चकत्या असतील. पायथ्याच्या आधी सपाटीवरच सगळ्यात लहान चकतीवर या. चढावर जोर असताना पुढचा गिअर बदलला की चेन उतरते. मागे एक मोठी चकती राखून ठेवा, तीव्र वळणावर लागते. पायथ्याला अर्धं केळं, पाणी. चढ तास-सव्वा तास चालला तरी हरकत नाही. पहिला किलोमीटर 'हे फारच सोपं आहे' असं वाटेल इतक्या हळू. बसूनच चढा; उभं राहिल्याने नाडी झपकन चढते, म्हणून उभं राहणं पाठ मोकळी करायला पंधरा-वीस सेकंदच. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करा, रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर दाबणारा) असेल तर रिम तापते. वर घामेजलेले असता आणि उतारावर वारा लागतो, पातळ जाकीट खिशात ठेवा.

आठवड्यातून दोनदा घरी वीस मिनिटं व्यायाम केला तर चढावर पाठ धरत नाही: १२ बैठकांचे तीन संच, पाठीवर झोपून कंबर उचलणं १५ वेळा तीन संच, ३० सेकंदांचा प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं) तीन वेळा.

बीआरएममध्ये २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून. म्हणजे सरासरी जेमतेम ताशी १५. वेगापेक्षा थांब्यांत वेळ जातो आणि खाणं चुकतं म्हणून लोक बाद होतात. १०० किमी आरामात होऊन दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं काम करता येत असेल, मग नाव नोंदवा. दहा-बारा तासांच्या फेरीत नुसत्या गोडाचा वीट येतो. दर तीन तासांनी इडली, दहीभात, उकडलेला मीठ लावलेला बटाटा असं खारट काही ठेवा. नवीन पदार्थ त्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका, आधीच्या रविवारी करून बघा.

---

रानवाट_ठाणे:
सीट ८ मिलीमीटर खाली घेतली, गिअर हलका ठेवला, फरक आहे. एक लहान प्रश्न: साखर-लिंबाच्या बाटलीला काही दिवसांत वास येतो आणि झाकणात काळं दिसतं. उपाय काय?

---

सह्यवाट:
ती बुरशी आहे. परतल्याबरोबर बाटली धुवा, दुपारवर टाकू नका. तोंडाचा रबरी भाग ओढून वेगळा करून जुन्या टूथब्रशने आतून घासा, काळं तिथेच बसतं. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून रात्रभर भरून ठेवा, सकाळी खळखळून धुवा, उलटी करून झाकणाशिवाय वाळवा. उकळतं पाणी ओतू नका, मऊ प्लास्टिक वाकडं होतं आणि झाकण गळायला लागतं. इतकं करूनही झाकणातलं काळं जात नसेल तर बाटली बदला. आणि मिश्रण त्याच दिवशी पहाटे करा. रात्री करून बाहेर ठेवलं तर उन्हाळ्यात ते आंबतं.